एका भूमिकेच्या आम्ही दोघी

मी भांडखोर आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई एकतर्फी बोलते. एकतर्फीच बोलणार आहे मी. दुसऱ्या बाजूकडं स्टेज आहे, लाइट आहे, माइक आहे, शनिवारी संध्याकाळी सातला भरलेल्या खुर्च्या आहेत. तिला बोलायला कुणी अडवलेलं नाही.

कुरुळीच्या पुढं एका कंपनीत मी तेरा वर्षं कामाला आहे. चारचाकी गाडीच्या आत वायरींच्या ज्या जुड्या असतात, त्या बांधायचं आमचं काम. लाइनवर बहुतेक बायकाच. एक आठवडा सकाळी साडेसहा ते तीन, पुढचा आठवडा दुपारी तीन ते साडेअकरा, असं आलटून पालटून. राहायला चिंचवडला, आई आणि मी. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं सांगत बसत नाही. वडील सोलापूरकडून आलेले, पिंपरीत एका कंपनीच्या प्रेस शॉपला होते. आईच्या बोलण्यातून सोलापूर अजून गेलेलं नाही. आणि मी नाटकात काम करते. टीव्हीवर दिसेन असं काही नाही. कामगारांच्या एकांकिकांच्या स्पर्धा असतात, त्यात आमचा एक ग्रुप आहे, सगळे चाकण नाहीतर भोसरीच्या कंपन्यांतले.

शिफ्टवाल्यांनी नाटक करायचं म्हणजे काय भानगड असते, ते बाहेरच्याला कळत नाही. अर्धी मंडळी संध्याकाळी मोकळी, अर्धी सकाळी, आणि आठवडा संपला की उलटं. सगळे एकत्र येणार कधी? आमचे दिग्दर्शक टूल रूममधून रिटायर झालेले, त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी यावर जोडीची पद्धत काढली. प्रत्येक भूमिकेला दोन माणसं, उलट्या शिफ्टची. तालीमही दिवसातून दोनदा. सकाळी दहाला दुसऱ्या शिफ्टवाल्यांची, संध्याकाळी पाचला पहिलीवाल्यांची, आणि काका बिचारे दोन्हीला हजर. प्रयोग संध्याकाळी असतो, त्यामुळं त्या दिवशी ज्याची पहिली शिफ्ट, तो उभा राहणार. तारीख कुणाच्या आठवड्यात पडते ते ज्याचं त्याचं नशीब. काकांचं म्हणणं एकच. दोघं असे पाहिजेत की बघणाऱ्याला फरक कळता कामा नये. पदर कुठल्या हातानं सावरायचा, कप कुठं ठेवायचा, रडू कुठल्या वाक्याला यायचं, सगळं सारखं. एकाला सापडलं ते दोघांचं. जोडीचं ते जोडीचं, असं आम्ही म्हणायचो.

हे एकाकडून दुसऱ्याकडं पोचवायला वही होती. लाइनवर शिफ्ट बदलताना हँडओव्हरची वही असते, तशीच. लाइनवरच्या वहीत कुठला क्लिप ढिला बसतो, कुठलं मशीन आवाज करतं, सगळं लिहायचं असतं. काही लपवलं तर पुढची बाई अडकते, प्रसंगी तिचं बोट जातं. त्यामुळं लपवायचं नाही ही सवय आमच्या हाडात मुरलेली. नाटकाच्या वहीतही आम्ही तसंच लिहायचो, आणि तीन वाजता गेटवर ती वही हातात द्यायची. एकीची बस आत येणार, दुसरीची बाहेर जाणार, मधे पाच मिनिटं.

माझी जोडीदारीण बीडकडची. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, मला ताई म्हणायची. कुरुळीत आणखी तिघींबरोबर खोली करून राहायची, कंपनीत कंत्राटावर होती. सहा वर्षं आम्ही एकच भूमिका केली, वेगवेगळ्या नाटकांत, पण एकमेकींना काम करताना कधी धड बघितलं नाही. ती स्टेजवर असायची तेव्हा मी लाइनवर, मी स्टेजवर तेव्हा ती लाइनवर. तरी तिच्याइतकं मला कुणी ओळखत नव्हतं. वहीत आधी नाटकाचं असायचं, मग खाली काहीबाही. सुपरवायझर कसा खेकसला, पाठ कशी दुखते, खोलीतली कोण पळून गेली आणि कोणाबरोबर. आई माझ्याबरोबर तिच्यासाठी शेंगांची चटणी पाठवायची. आईनं तिला पाहिलं नव्हतं, पण डबा भरताना म्हणायची, "तुझ्या जोडीदारणीला जास्त घाल, पोरगी एकटी राहती." मला बहीण नाही. मी तिला बहीणच मानत होते, आणि मानत होते हे तिला सांगितलंही होतं.

आता माझी गोष्ट, जी आईला ठाऊक नव्हती.

वडील आठ दिवस पिंपरीच्या दवाखान्यात होते. धोका टळलाय असं डॉक्टर म्हणत होते. त्या दिवशी स्पर्धेची फेरी होती आणि माझी पहिली शिफ्ट, म्हणजे उभी मीच राहणार. जोडीदारीण लाइनवर. मेकअप झाला होता, तिसरी घंटा व्हायची होती, तेवढ्यात आईचा फोन आला. म्हणाली, "बाबा तुझं नाव घ्यायला लागल्यात. ये लवकर." मी म्हणाले, "आई, ओव्हरटाइम लागलाय, लाइन सोडता येत नाही. नऊपर्यंत पोचते." का असं बोलले? दोन घंटा झाल्या होत्या, अकरा माणसं तयार उभी होती, चार महिन्यांची मेहनत होती. ही झाली कारणं. खरं सांगायचं तर मला ते काम करायचं होतं. फोन बंद केला, तरी तो माझ्याकडं बघतोय असं वाटत होतं. म्हणून मेकअपच्या टेबलावर उलटा ठेवला आणि वरून रुमाल झाकला. मग गेले आणि पाऊण तास दुसऱ्याच कुणाची तरी बायको झाले. वडील पावणेआठला गेले. मला अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, ते प्रमाणपत्र मी त्याच आठवड्यात फाडून टाकलं.

मयताला आलेल्या प्रत्येकाला आई सांगत होती, "पोरगी येणार हुती, पर कंपनीनं सोडलं न्हाई." काका आले होते. त्यांनी ते ऐकलं, माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हापासून आई कंपनीला शिव्या घालते. बोनस आला तरी शिव्या, दिवाळीला मिठाईचा बॉक्स आला तरी शिव्या. आणि मी ऐकून घेते. दर वर्षी वडिलांच्या श्राद्धाला मी ठरवायचे की आज आईला सांगायचं. पान वाढून व्हायचं, कावळा शिवायचा, लोक जेवून जायचे, आणि मी भांडी घासायला बसायचे. मला एवढंच पाहिजे होतं की एकदा तिला सांगावं आणि तिनं, शिव्या घालून का होईना, मला पदरात घ्यावं. बाकी मला आयुष्यात फार काही मागायचं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या एकांकिकेत आमची भूमिका कंपनीच्या गेटवरच्या टेलिफोन ऑपरेटर बाईची होती. आत अपघात होतो, हिला त्या कामगाराच्या घरी फोन करावा लागतो. ती सांगते आणि फोन ठेवते. त्यापुढं संवाद नाही. काका म्हणाले, इथं बोलू नका, काहीतरी करा. मी पहिल्याच तालमीला फोन ठेवला, कमरेचा रुमाल काढला आणि फोनवर झाकला. काका उठून टेबलापाशी आले. मग म्हणाले, "हेच ठेवा. जोडीलाही कळवा."

मी वहीत लिहिलं. चार दिवसांनी जोडीदारणीचं उत्तर आलं. "ताई, रुमाल झाकते, पण काका म्हणतात मी नुसताच रुमाल झाकते. तू झाकताना काय करतेस ते लिही ना."

इथं माझं चुकलं. दुसरी कुणी बाई असती तर तिनं 'मनापासून कर' असं काहीतरी लिहून विषय संपवला असता. पण आम्ही लाइनवरच्या. पुढच्या शिफ्टला अडचण येते म्हटल्यावर सगळं लिहायचं, काही मागं ठेवायचं नाही. मी स्वयंपाकघरात बसून अडीच पानं लिहिली. आईचा फोन, ओव्हरटाइमची थाप, उलटा ठेवलेला मोबाइल, रुमाल, अंगाला येणारा पावडरीचा वास, घंटा. खाली लिहिलं, 'हे आईला माहीत नाही. वाचून झालं की पान फाड.' दुसऱ्या दिवशी तीन वाजता वही तिच्या हातात दिली. त्यानंतर तिचं काम इतकं जमून आलं की काका मला म्हणाले, आता तुमच्यात डावं-उजवं करता येत नाही. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

दोन वर्षांनी कंपनीनं तिचं कंत्राट पुढं वाढवलं नाही. दुसरीकडं काम मिळेना. तेव्हा तिला पिंपळे सौदागरला घेऊन गेले ती मीच.

संध्याकाळी सातनंतर तिथला मोठा रस्ता बघण्यासारखा असतो. सोसायट्यांतली सगळी तरुण पोरं खाली उतरलेली असतात. एकाच इमारतीत तळाला मोमोजवाला, डोसेवाला, मोबाइलची कव्हरं विकणारा, पहिल्या मजल्यावर बार, तिथं मोठ्या पडद्यावर क्रिकेट, दुसऱ्यावर डान्स क्लास, गच्चीत वाढदिवसाचे केक कापणारी टोळकी. तिसऱ्या मजल्यावर एक कॅफे आहे आणि कॅफेच्या आत काळ्या भिंतींची खोली. साठ-सत्तर खुर्च्या, समोर वीतभर उंच स्टेज. रोज काहीतरी चालू असतं. कुणी गिटार घेऊन बसतो, कुणी कविता वाचतो, कुणी घरमालकावर आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकवर जोक मारतो. लोक तीन भाषांत हसतात. मला ती जागा आवडली होती, हेही सांगायला पाहिजे. आमच्या तालमी महापालिकेच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर. इथं लाइट कसा नेमका तोंडावर पडत होता.

कार्यक्रम ठरवणारा एक दाढीवाला तरुण होता. मी त्याला आमच्या ग्रुपबद्दल सांगितलं. तो नम्रपणे म्हणाला, "ग्रुप नको, ताई. आमचं स्टेज दहा बाय बारा. एकच माणूस, आणि त्याचं स्वतःचं, खरं घडलेलं. लोकांना आता खरं पाहिजे असतं." मग जोडीदारणीकडं बघून म्हणाला, "तुम्ही करा की काहीतरी. आणि तोवर काउंटरवर माणूस पाहिजेच आहे." जिना उतरताना मी तिला म्हणाले, "काय चांगली संधी आहे बघ. तुझ्याकडं खरं काय कमी आहे? गाव सोडून आलीस, चौघींच्या खोलीत सहा वर्षं काढलीस, कंपनीनं घरी बसवलं. ते सांग. तुझं स्वतःचं सांग." ती म्हणाली, "माझं कोण ऐकतंय, ताई." मी म्हणाले, "मी ऐकते."

ती तिथं काउंटरला लागली. मधे मधे पाच-दहा मिनिटांचं काही करायची, मला व्हिडिओ पाठवायची. मग मागच्या थंडीत फोन आला. "ताई, शनिवारी माझा एकटीचा प्रयोग. तासाभराचा. तू येच." मी म्हटलं, "आईलाही आणते. चटणी खाऊन खाऊन तुझं तोंड बघायचं राहिलंय तिचं." ती थोडी थांबली. मग म्हणाली, "आण की."

आईला मी नवं पातळ नेसवून नेलं. गुडघे दुखतात तिचे, पण म्हणाली लिफ्ट आहे ना, मग काय. पुढच्या रांगेत बसलो. आई त्या काळ्या भिंतींकडं, रंगीत केसांच्या पोरींकडं बघून खूश होती. लाइट गेले आणि आले तेव्हा स्टेजवर एक खुर्ची, एक टेबल आणि टेबलावर मोबाइल. जोडीदारीण आली. सुरुवातीला कुरुळीच्या खोलीचं सांगितलं, चौघींत एक आरसा, नळाला पाणी यायच्या वेळेला लावलेली बारी. लोक हसत होते, आई तोंडाला पदर लावून हसत होती. मीही हसत होते. मनात म्हणत होते, शाब्बास, माझी गुणाची.

मग ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "माझे वडील आठ दिवस दवाखान्यात होते."

तिचे वडील बीडला टमटम चालवतात. धडधाकट आहेत. चारच दिवस आधी तिनं मला त्यांच्या नव्या चष्म्याचा फोटो पाठवला होता. मला वाटलं, पुढं काहीतरी गंमत असेल. पण ती सांगत गेली. मेकअप झाला होता, तिसरी घंटा व्हायची होती, आणि फोन आला. आईच्या जागी भाऊ केला होता. दवाखाना गावाकडं नेला होता. 'नऊपर्यंत पोचते'च्या जागी 'सकाळपर्यंत पोचते'. एवढंच तिचं. ओव्हरटाइम माझा, घंटा माझी, पावडरीचा वास माझा. तिनं मोबाइल उलटा ठेवला, कमरेचा रुमाल काढला, आणि झाकला. मागं कुणीतरी हुंदका दिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तरी मला उठता येईना, कारण आईनं माझा हात धरला होता. ती रडत होती. आणि काम तिनं फार चांगलं केलं. वाईट केलं असतं तर मी कदाचित माफ करून टाकलं असतं.

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. दाढीवाला माइकवर म्हणाला, याला म्हणतात खरं बोलायचं धाडस. मी आईला म्हटलं, चल, उशीर होतो. आई म्हणाली, "आगं, पोरीला भेटल्याबिगर जायाचं?" आणि गर्दीतून वाट काढत गुडघे धरत सरळ तिच्यापाशी गेली. मी मागं.

आईनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. विचारलं, "आई हाय न्हवं तुला?"

ती म्हणाली, "आहे."

"तिला म्हाईत हाय का हे?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग सांग की बाई. भिऊ नगं." आईनं माझ्याकडं हात केला. "आता ही माझी लेक. हिचा बाप गेला तवा ही कंपनीत अडकली हुती. हिचा काय दोष? पर समज, ही बी त्या दिशी तुझ्यासारखी नाटकात असती, आन मला खोटं बोलली असती, तर काय मी टाकून दिली असती व्हय? शिव्या दिल्या असत्या दोन दिवस. मग जवळच घेतली असती. लेकरू हाय." आणि आईनं तिला जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा माझ्या पाठीवरून फिरवते, खालून वर. आईच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले होते. ती म्हणाली, "हो, आई."

मी चार वर्षं ज्याची वाट बघत होते ते माझ्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, दुसरीला देऊन झालं. ते तिचं नव्हतं. माझं होतं. मला तेव्हा ओरडावंसंही वाटलं नाही.

आईला कॅफेत खुर्चीवर बसवलं, कॉफी सांगितली, आणि जोडीदारणीला जिन्यात ओढलं. हात शिवशिवत होते. म्हटलं, "तुझ्या बापाला फोन लाव. लाव आत्ता. सांग त्यांना की तू त्यांना मारून टाळ्या घेतल्यास."

ती म्हणाली, "तुझं नाव घेतलं का मी कुठं?"

"पान फाड म्हटलं होतं तुला."

"ताई, जोडीचं ते जोडीचं. तूच शिकवलंस मला. एवढं वर्षभर रोज तेच करत होते, सकाळी उठून तेच आठवत होते. मला खरंच कळेनासं झालं, हे तुझं की माझं. माझ्याकडं असलं काही घडलेलंच नाही. गाव, खोली, कंत्राट, ते सगळ्यांचंच असतं. त्यावर कुणी गप्प होत नाही."

"आणि माझ्या आईला 'हो, आई' म्हणालीस ते?"

तिनं जिन्याचा कठडा धरला. मग हळूच म्हणाली, "तू सांगणार होतीस का कधी तिला? लपवूनच ठेवलं होतंस ना. मी निदान सांगितलं तरी."

ही ओळ तिनं तयार करून ठेवलेली नव्हती, आतून आली होती, म्हणूनच लागली. मी वही मागितली. म्हणाली, खोली बदलताना हरवली. हरवली असेलही. तिचं काहीच आता मला खरं वाटत नाही. सहा वर्षं जिच्या हातात माझं सगळं दर आठवड्याला देत होते, तिनं ते जपून ठेवलं आणि एक दिवस आपलं म्हणून बाहेर काढलं. भांडण झालं असतं, कंपनीत चुगली केली असती, तर मी तिला चार शिव्या घालून मोकळी झाले असते. याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. विश्वासघात हा शब्द मला सिनेमातला वाटायचा. आता वाटत नाही.

काकांना सांगितलं. म्हणाले, "वाईट केलं पोरीनं." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण काम कसं झालं?" त्या दिवसापासून मी तालमीला गेलेली नाही. फोन येतात, मी उचलत नाही.

महिनाभर गेला. तिचा प्रयोग दर शनिवारी लागत होता, बोर्ड बाहेर रस्त्यावरून दिसायचा. मला वाटलं, आता पुरे. तिनं घेतलं ते घेतलं, पण आई तर माझी आहे ना. माझ्या तोंडून ऐकायचा तिचा हक्क आहे. काकांना साक्षीला न्यावं असंही एकदा मनात आलं, पण आईसमोर साक्षीदार उभा करून माफी मागायची म्हणजे कोर्टच झालं. एकटीनंच सांगायचं ठरवलं. रविवार होता. आई खाली बसून मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले.

म्हणाले, "आई, बाबा गेले तेव्हा मी कंपनीत नव्हते. नाटकात होते. तुला खोटं बोलले."

आईचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "त्या पोरीचं तू लई मनाला लावून घेतलंस."

"तिचं नाही ते. माझं आहे. मी तिला लिहून दिलं होतं, तिनं आपलं म्हणून सांगितलं. तिचे वडील जिवंत आहेत, आई."

आता मात्र आईनं वर बघितलं. "दुसऱ्याच्या बापाचं असं बोलू नये. माझ्यापुढं रडली ती. रडणं काय खोटं असतंय?"

"आई, मी शपथ घेते."

"कशाला शपथा घेतीस. मला काय आठवत न्हाई व्हय? तुला फोन मीच केलेला. मागं मशिनी चालू हुत्या, धाड धाड धाड. म्हून तर मी फिरून फोन केला न्हाई. तुझं बाबा म्हणत हुते लाव परत, लाव परत. मी म्हटलं नगं, लेकीचं ध्यान इकडं आलं आन हातबित सापडला तर."

मी तिला सांगितलं. ते कारखान्याचं नाटक होतं, मशीनचा आवाज रेकॉर्ड केलेला होता, घंटेच्या आधी साउंडवाला तो वाजवून बघत होता. दोनदा सांगितलं. तिनं दोन्हीदा शांतपणे ऐकून घेतलं, तापात बरळणाऱ्या लहान पोराचं ऐकावं तसं. मग मेथीचा हात पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला.

"उगं जिवाला खाऊ नगं," आई म्हणाली. "तू कंपनीत हुतीस. मला म्हाईत हाय. जिनं केलंय तिनं कबूल केलं, सुटली बिचारी. तू कशाला तिचं वझं घेतीस?"



आई पुन्हा मेथी निवडायला लागली. जरा वेळानं म्हणाली, "तिला एकदा घरी जेवायला बोलव. बाप न्हाई पोरीला."

अजून बोलावलेलं नाही. आई दर रविवारी विचारते.